‘मी’च्या घडणीचा शोध घेणारे गिरींद्रशेखर

१९२२ सालच्या आरंभी कलकत्त्याहून व्हिएन्ना येथे एक चित्र रवाना झाले. चित्र होते मनोविश्लेषणाचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांचे. ते रेखाटणाऱ्या यतींद्रकुमार सेन या बंगाली चित्रकाराने फ्रॉइडना कधी पाहिले नव्हते. हा माणूस दिसत कसा असेल, याची त्याने केवळ कल्पना केली होती. चित्र पाठविणारे होते डॉ. गिरींद्रशेखर बोस. फ्रॉइडनी चित्राचे सौजन्याने कौतुक केले. आपण इतके देखणे नाही, असे नमूद करून चित्रकाराने काही वांशिक खुणा लक्षात घेतलेल्या नाहीत, हेही त्यांनी सूचकपणे कळविले. आपल्या स्नेही लू आंद्रेआस-सालोमे यांना मात्र त्यांनी अधिक मोकळेपणाने लिहिले. या भारतीय चित्रकाराने आपल्याला अगदी पुरता इंग्रज करून टाकले आहे, असा त्या मजकुराचा आशय होता.

ही गोष्ट वरवर गमतीची वाटते, पण तेवढीच ती नाही. इंग्रजी अमलाखालील शहरात राहणाऱ्या माणसाला थोर पाश्चात्त्य डॉक्टर म्हटला की इंग्रजच डोळ्यांपुढे येणार. उलट ज्याचे चित्र काढले तो स्वतः ज्यू, म्हणजे आपल्याच शहरात काहीसा परका. दुसऱ्याकडे पाहताना माणूस आपल्याच मनातले काहीतरी पाहतो आणि दुसऱ्याने पाहिलेले आपले रूप पुन्हा आपल्याच अंगाला चिकटते. या देवाणघेवाणीतून ‘मी’ नावाची गोष्ट घडते कशी, हाच पुढे गिरींद्रशेखर आणि फ्रॉइड यांच्यातील मतभेदाचा मुख्य विषय ठरला. त्यांचा पत्रव्यवहार १९२१ पासून १९३७ पर्यंत चालला. दोघांची भेट मात्र एकदाही झाली नाही.

गिरींद्रशेखर यांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. वडील चंद्रशेखर हे दरभंगा संस्थानाच्या कारभारात मोठ्या अधिकारावर होते. घरात वाचनाचे, विनोदाचे आणि वादविवादाचे वातावरण होते. थोरले बंधू राजशेखर हे रसायनशास्त्रज्ञ. ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या त्यांच्या विनोदी कथांनी बंगाली वाचकाला वेड लावले आणि ‘चलंतिका’ हा त्यांचा शब्दकोश बंगाली घरांतून रूढ झाला. पुढे कलकत्त्यातील १४, पारसीबागान गल्ली या बोस कुटुंबाच्या घरी ‘उत्केंद्र समिती’ नावाचा मित्रमेळा जमू लागला. उत्केंद्र म्हणजे केंद्रापासून ढळलेला, आपल्या भाषेत थोडा चक्रम. या मंडळींत गप्पा, बुद्धिबळ, साहित्य आणि शास्त्र यांची सरमिसळ चाले. फ्रॉइडचे चित्र काढणारे यतींद्रकुमार याच गोतावळ्यातले, परशुरामांच्या कथांना चित्रे देणारे. भारतातील मनोविश्लेषण असे इस्पितळात वा विद्यापीठात जन्मले नाही. ते एका घरच्या बैठकीत वाढले, आणि ही गोष्ट त्याच्या स्वभावावर उमटली.

गिरींद्रशेखर यांना लहानपणापासून जादू आणि संमोहन यांचे आकर्षण होते. विद्यार्थिदशेतच ते संमोहनाचे प्रयोग करू लागले. १९१० साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी व्यवसाय सुरू केला. शरीराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरात काहीच बिघाड सापडत नाही, हा अनुभव त्यांना लवकरच आला. त्या सुमारास फ्रॉइड यांचे फार थोडे लेखन इंग्रजीत उपलब्ध होते आणि गिरींद्रशेखरांना जर्मन येत नव्हते. नियतकालिकांतून हाती लागेल ते वाचून, रुग्णांशी बोलून आणि स्वतःच्या मनाची चिरफाड करून त्यांनी आपली पद्धत बसविली. युरोपात मनोविश्लेषक होण्यासाठी आधी स्वतः दुसऱ्या विश्लेषकाकडून विश्लेषण करून घ्यावे लागे, हा नियम पुढे दृढ झाला. गिरींद्रशेखरांचा कोणी असा गुरू नव्हता. या बाबतीत त्यांची जात फ्रॉइडचीच होती, कारण फ्रॉइडनेही आरंभी स्वतःचेच विश्लेषण केले होते.

कलकत्ता विद्यापीठात तेव्हा प्रायोगिक मानसशास्त्राचा नवा विभाग उभा राहिला होता. चांगली चालणारी वैद्यकी असतानाही गिरींद्रशेखर तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९१७ साली मानसशास्त्रातील एम.एस्सी. झाले. लगेच तिथेच ते शिकवू लागले. १९२१ साली ‘कन्सेप्ट ऑफ रिप्रेशन’ म्हणजे दमनाची संकल्पना या इंग्रजी प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी त्यांनी हा ग्रंथ फ्रॉइड यांच्याकडे पाठविला. इतक्या दूरच्या देशातून आपल्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ यावा, याचे फ्रॉइडना आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. मे १९२१ मधील त्यांच्या उत्तराने पत्रव्यवहाराला सुरुवात झाली.

त्या ग्रंथात नवे काय होते, हे समजण्यासाठी फ्रॉइडची मांडणी आधी पाहिली पाहिजे. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो जन्माबरोबर तयार होऊन येत नाही, ही त्या मांडणीची पहिली पायरी. तान्ह्या मुलाला आपले अंग कुठे संपते आणि आईचे कुठे सुरू होते, हे ठाऊक नसते. भूक लागते, दूध मिळते; कधी मिळत नाही. हवे ते लगेच न मिळण्याच्या या पहिल्या अनुभवातून मुलाला बाहेर एक जग आहे, याचा पत्ता लागतो. पुढे मुलगा आईवर पूर्ण हक्क सांगू लागतो आणि त्या वाटेत त्याला बाप उभा दिसतो. बापाविषयी मत्सर वाटतो, त्याची भीतीही वाटते. ही भीती फ्रॉइडच्या मते लिंगच्छेदाची भीती असते. त्या भयापोटी मुलगा आईवरील हट्ट सोडतो आणि बापासारखे होण्याचा मार्ग धरतो. बापाचा नकार मग बाहेरून यावा लागत नाही. तो आतच वस्तीला येतो. त्यालाच आपण सदसद्विवेक म्हणतो. दडपलेली इच्छा नाहीशी होत नाही. ती नेणिवेत राहते आणि स्वप्नांतून, चुकांतून, आजारांतून डोके वर काढते. इदम्, अहम् आणि पराहम् ही पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेली त्रिविध विभागणी फ्रॉइडने १९२३ साली मांडली. म्हणजे गिरींद्रशेखरांचा ग्रंथ तिच्याही दोन वर्षे आधीचा. ग्रीक शोकांतिकेतील राजाच्या नावावरून ओळखला जाणारा ईडिपस गंड मात्र तेव्हाही या साऱ्या विचाराचा कणा होता. मुलीच्या मनाची वाटचाल फ्रॉइडना कधीच नीट उलगडली नाही, हे त्यांनी स्वतःही मान्य केले होते.

दमन होते हे गिरींद्रशेखरांना मान्यच होते. ते का होते, हा त्यांचा प्रश्न होता. समाजाचा धाक, बापाचा धाक, नीतीचा धाक ही उत्तरे त्यांना अपुरी वाटली. त्यांचे म्हणणे असे की, मनात कोणतीही इच्छा एकटी जन्मत नाही. तिची जुळी, उलटी इच्छा तिच्याबरोबरच जन्मते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिले जाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेबरोबर प्रेम करून घेण्याची. दोन्ही इच्छा एकाच वेळी कृतीत उतरू शकत नाहीत. म्हणून एक जाणिवेत येते आणि दुसरी दबून राहते. दमनाचे मूळ असे मनाच्या रचनेतच आहे. बाहेरचा धाक त्याला फक्त बळ देतो.

या मांडणीचा खरा परिणाम ‘मी’च्या कल्पनेवर होतो. एका मुलाने दुसऱ्याला चापट मारली, अशी कल्पना करू. मारणाऱ्याच्या मनात मार खाण्याची छुपी इच्छाही आहे. तिची पूर्ती कशी व्हावी? समोरच्याने उलट मारले तर होते. उलट मारले नाही, तर मारणारा मनोमन मार खाणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. त्याचे दुखणे याला जाणवते. गिरींद्रशेखरांच्या मते सहानुभूती, पश्चात्ताप, विवेक या साऱ्यांचा उगम या जागाबदलात आहे. इतकेच नव्हे, तर समोरची वस्तू वस्तू म्हणून कळण्यासाठीदेखील मनाला क्षणभर त्या वस्तूशी तादात्म्य पावावे लागते. कर्ता आणि कर्म, पाहणारा आणि पाहिलेला अशी जोडी आधी असते आणि तिच्या एका टोकाला ‘मी’ स्थिरावतो. दुसरे टोक आपल्यातच राहते, फक्त आपण ते ओळखत नाही. ज्याला बाप म्हणून भ्यायलो, तो आपलीच न जगलेली बाजू असतो.

उपचाराची त्यांची रीतही यातूनच निघाली. फ्रॉइडच्या पद्धतीत रुग्ण मनात येईल ते बोलतो आणि वैद्य बहुतांशी ऐकतो. गिरींद्रशेखर रुग्णाला कापडी आरामखुर्चीत बसवीत आणि योग्य वेळ येताच त्याला कल्पनेने दुसऱ्याच्या जागी जायला सांगत. वरिष्ठाचा राग येतो ना, मग वरिष्ठ होऊन स्वतःकडे पाहा. आता पुन्हा स्वतःच्या जागी या. सीसॉच्या फळीप्रमाणे मन या टोकाकडून त्या टोकाकडे झुकू लागले की दबलेली इच्छा वर येते आणि लक्षणाचा जोर ओसरतो, असा त्यांचा अनुभव होता. ही पद्धत फार आज्ञार्थी आहे, तीत वैद्याचा गुरू होतो, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला आणि तो निराधार नाही. पण त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांना गुरूची सवय होती, अबोल वैद्याची नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

जानेवारी १९२२ मध्ये पारसीबागान गल्लीतील घरातच ‘इंडियन सायको-ॲनॅलिटिकल सोसायटी’ची स्थापना झाली. आरंभीचे सभासद पंधरा होते आणि त्यांत डॉक्टरांपेक्षा मानसशास्त्राचे व तत्त्वज्ञानाचे अध्यापक अधिक होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला मान्यता दिली. गिरींद्रशेखर अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. या संस्थेत काही इंग्रज अधिकारीही होते. त्यांपैकी ओवेन बर्कली-हिल हे रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक, तर क्लॉड डेली हे लष्करी अधिकारी. या दोघांनी मनोविश्लेषणाचा जो उपयोग केला तो आज वाचताना अस्वस्थ करतो. एकाने हिंदूंचा धर्म आणि स्वभाव बालपणी अडकून पडलेल्या मनाचे लक्षण ठरविला. दुसऱ्याने बंगाली क्रांतिकारकांच्या चळवळीचा अर्थ कालीमातेच्या उपासनेतून लावून तिला मनोविकृतीच्या खात्यात टाकले. स्वातंत्र्याची मागणी म्हणजे मुलाचा हट्ट, असे म्हणण्याची शास्त्रीय सोय त्यामुळे झाली.

गिरींद्रशेखरांनी या लेखनाला थेट राजकीय उत्तर दिले नाही. ते चळवळीतले गृहस्थ नव्हते. पण त्यांनी जे केले ते कदाचित अधिक मूलगामी होते. युरोपीय मनाला प्रमाण मानून भारतीय मन त्यात किती कमी पडते, हे मोजण्याऐवजी त्यांनी भारतीय रुग्णांच्या आधारे प्रमाणच तपासायला घेतले.

ईडिपस गंडासंबंधीचा त्यांचा निबंध याच प्रयत्नाचा भाग. १९२९ साली त्यांनी आपले तेरा निबंध फ्रॉइडकडे पाठविले आणि सोबतच्या पत्रात मतभेद विनयाने पण स्पष्टपणे मांडला. युरोपीय रुग्णांत लिंगच्छेदाच्या भयाचे महत्त्व असेल, ते ते नाकारीत नव्हते. परंतु त्या भयाला बळ येते ते मुलाच्या मनात स्त्री होण्याची जी दबलेली इच्छा असते तिच्यामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही इच्छा युरोपीय पुरुषांपेक्षा भारतीय पुरुषांत फार लवकर आणि सहज उघडी होते, असे त्यांना उपचारांत दिसले होते. मूल प्रथम आईशी तद्रूप होते, तिच्यासारखे व्हायला पाहते. शिवाय मुलाच्या मनातील आईची प्रतिमा पुष्कळदा निव्वळ आईची नसते. तीत बापही मिसळलेला असतो. ती माया करणारी असते तशीच धाक घालणारीही असते. आणि मुलगा या पेचातून सुटतो तो बापापुढे हार मानून नव्हे. मनोमन बापाची जागा घेऊन, बापालाच दुबळ्या जागी ठेवून पाहिल्यावर त्याची भीती ओसरते.

ग्रांथिक शब्दांत हे सारे अवघड वाटते, पण आपल्याकडच्या वाचकाला त्यातले बरेच ओळखीचे वाटेल. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागणारे बीबी घ्या, की वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव घ्या. जुन्या मोठ्या कुटुंबात मूल एका आईच्या मांडीवर वाढत नसे. आजी, काकू, आत्या, थोरली बहीण अशा अनेक मांड्या त्याला असत. बाप मात्र वडिलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायलाही संकोचत असे. घरात मुले जगत नसतील तर पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरबा ठेवीत. कुणी मुलाचे नाक टोचून नथ घालीत आणि त्याला नथू म्हणून हाक मारीत, म्हणजे मृत्यूची नजर फसावी. असा मुलगा आपण कोण हे शिकतो तेव्हा काय शिकतो? त्याचे नाव, त्याचा वेश, त्याच्या नाकातले छिद्र ही आईच्या भयाची आणि इच्छेची खूण असते. त्याची ‘मी’ म्हणण्याची सुरुवातच दुसऱ्याच्या शब्दाने होते. गिरींद्रशेखरांनी हे उदाहरण घेतलेले नाही. पण व्हिएन्नातील आई, बाप आणि मूल या त्रिकोणी घरातून निघालेला नियम अशा वाड्याला जसाच्या तसा लावता येईल का, ही त्यांची शंका या उदाहरणाने चांगली कळते.

फ्रॉइडनी त्यांचे निबंध गांभीर्याने वाचले. लिंगच्छेदाच्या भयाबाबत भारतीय आणि युरोपीय रुग्णांत दिसणारा फरक आपल्या मनावर ठसला आहे, असे त्यांनी मान्य केले आणि परस्परविरोधी इच्छांच्या प्रश्नाकडे आपण लक्ष देऊ, असे आश्वासनही दिले. पण त्यांचे मन वळले नाही. १९३३ च्या आरंभी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आक्षेप नेमका मांडला: या सिद्धांतात मनाची आकृती आहे, मनातील शक्तींची गती नाही. सरळ सांगायचे तर, दोन इच्छांची जोडी मांडली म्हणजे त्यांच्यातील झगडा समजावून दिला असे होत नाही. हा आक्षेप दुबळा नाही. प्रत्येक इच्छेला उलटी इच्छा जोडण्याची युक्ती इतकी सोयीची आहे की तिने काहीही सिद्ध करता येते. गिरींद्रशेखरांच्या लेखनात सिद्धांताच्या सुबकपणापुढे रुग्णाचा इतिहास कधीकधी फिका पडतो. फ्रॉइडच्या लेखनातील रुग्ण एखाद्या कादंबरीतील पात्रासारखे लक्षात राहतात. गिरींद्रशेखरांचे तसे राहत नाहीत.

मतभेदाने स्नेह मात्र आटला नाही. १९३१ साली फ्रॉइडना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने कलकत्त्याच्या संस्थेने त्यांना संस्कृत श्लोकासह हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठविली. शेषाच्या वेटोळ्यांवर विराजमान असलेला हा विष्णू त्रावणकोरकडील एका प्राचीन शिल्पाच्या धर्तीवर घडविलेला होता. प्राचीन मूर्ती जमविण्याचे वेड असलेल्या फ्रॉइडनी त्याला लिहिण्याच्या मेजावर मानाची जागा दिली. १९३८ साली नाझींमुळे त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले, तेव्हा त्यांचा हा संग्रह त्यांच्याबरोबर लंडनला गेला. शास्त्रातील प्रश्नाला फ्रॉइडनी पुरती जागा दिली नाही, देवाला दिली. हे वाक्य थोडे कडवट वाटेल, पण गिरींद्रशेखरांच्या वाट्याला आलेल्या आदराचे स्वरूप साधारण असेच होते. युरोपच्या नकाशावर मनोविश्लेषण भारतातही पोचले, एवढी नोंद झाली. भारताने त्यात काही वेगळे सांगितले, ही नोंद व्हायला फार वर्षे गेली.

त्याच काळात युरोपातही काहीजण याच प्रश्नाशी झुंजत होते. लंडनमध्ये मेलनी क्लाइन लहान मुलांचा खेळ पाहून बालमनातील आईबापांच्या एकत्र मिसळलेल्या प्रतिमेविषयी लिहीत होत्या. गिरींद्रशेखरांच्या आईबापांच्या संमिश्र प्रतिमेशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. १९३६ साली फ्रेंच विश्लेषक जाक लाकां यांनी आरशाच्या अवस्थेची कल्पना प्रथम मांडली. अंगावर अजून ताबा नसलेले मूल आरशातील आपली अखंड प्रतिमा पाहून हरखते आणि तिलाच ‘मी’ समजते. म्हणजे ‘मी’ची सुरुवातच बाहेरच्या प्रतिमेपासून होते. पुढे लाकांनी त्यात भाषेची भर घातली. मूल जन्मण्याआधीच त्याच्यासाठी नाव, नाते आणि अपेक्षा तयार असतात, आणि त्या शब्दांच्या जाळ्यात शिरून ते माणूस होते. गिरींद्रशेखरांकडे भाषेचा हा विचार नाही. पण ‘मी’ आणि ‘तो’ ही दोन वेगळी बेटे नसून एकाच जोडीची टोके आहेत, हे त्यांनी १९२१ मध्येच छापले होते.

त्यांच्या विचारांतील भारतीय धागा कुठला, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. पातंजल योगसूत्रे, गीता आणि पुराणे यांचा त्यांचा अभ्यास होता; गीतेवर आणि पुराणांवर त्यांनी बंगालीत ग्रंथ लिहिले. ज्ञाता आणि ज्ञेय यांचे द्वैत अखेरचे नाही, ही वेदान्ताची शिकवण त्यांच्या विरुद्ध इच्छांच्या सिद्धांतामागे उभी दिसते. मात्र त्यांनी मनोविश्लेषणाला अध्यात्माचे रूप दिले नाही. रुग्णाला मोक्ष नको असतो, झोप हवी असते, भय जायला हवे असते, याचे भान त्या वैद्याला होते. सामान्य वाचकासाठी स्वप्नांवर ‘स्वप्न’ हे पुस्तक त्यांनी बंगालीत लिहिले, तर मुलांसाठी लाल आणि काळ्या मुंग्यांची गोष्टही लिहिली.

त्यांच्या मांडणीची एक मर्यादा स्पष्ट आहे. भारतीय पुरुषाचे मन म्हणून ते ज्याचे वर्णन करतात, तो बहुतांशी कलकत्त्यातील शिकलेला, उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय पुरुष आहे. शेतमजूर, गिरणीकामगार, दलित आणि मुसलमान त्या आरामखुर्चीपर्यंत क्वचितच पोचले. स्त्री होण्याची इच्छा पुरुषात सापडते, असे सांगणाऱ्या या सिद्धांतात स्त्रीला स्वतःला काय व्हावेसे वाटते, याला फार थोडी जागा आहे. फ्रॉइडच्या घराचा नियम साऱ्या जगाला लागू करण्याविरुद्ध त्यांनी जो आक्षेप घेतला, तो त्यांच्या पारसीबागानलाही लागू होतो.

पण गिरींद्रशेखर केवळ सिद्धांत मांडून थांबले नाहीत. १ मे १९३३ रोजी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा हा देशातील पहिला विभाग मानला जातो. त्यापूर्वी मन आजारी झालेल्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीआड जाणे किंवा घरातच बांधून पडणे, यांपलीकडे वाट नव्हती. तापखोकल्याच्या रुग्णांच्या रांगेशेजारी मनाच्या रुग्णाचीही रांग लागावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९४० साली संस्थेने तिलजला भागात ‘लुंबिनी पार्क’ हे मनोरुग्णालय सुरू केले. त्यासाठी राजशेखरांनी जागा दिली. बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांची वाचा आणि स्मृती १९४२ साली हरपू लागली, तेव्हा त्यांना काही महिने येथेच ठेवण्यात आले होते. त्या आजारापुढे कोणाचेच काही चालले नाही.

महाराष्ट्राशी या चळवळीचा संबंध आला तो मुंबईतून. इटलीतील वंशविरोधी कायद्यांमुळे परागंदा झालेले एमिलिओ सेर्वादिओ हे विश्लेषक १९३८ साली मुंबईत आले आणि महायुद्ध संपेपर्यंत राहिले. त्यांच्या आगेमागे मुंबईत विश्लेषकांचा छोटा गट तयार झाला आणि कलकत्त्याच्या संस्थेची शाखाही निघाली. मराठी वाचकाला मात्र या विषयाचे दार वेगळ्याच बाजूने उघडले गेले होते. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते. कर्व्यांचा रोख शरीराच्या अज्ञानावर आणि कायद्याच्या दांभिकतेवर होता, गिरींद्रशेखरांचा मनाच्या अज्ञानावर. एकाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, दुसऱ्याला विद्यापीठाची खुर्ची मिळाली. इंग्रजीत आणि वैद्यकाच्या परिभाषेत लिहिले की समाज बरेच काही खपवून घेतो, हा फरक त्यामागे नसेल असे म्हणवत नाही.

१९४७ साली संस्थेने ‘समीक्षा’ हे नियतकालिक सुरू केले. फ्रॉइड १९३९ मध्येच निवर्तले होते. गिरींद्रशेखरांचे शिष्य तरुणचंद्र सिन्हा यांनी रुग्णालयाचा आणि संस्थेचा भार उचलला. ३ जून १९५३ रोजी गिरींद्रशेखर यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रघुनाथराव कर्वेही गेले. फ्रॉइडबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार संस्थेने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, पण बाहेरच्या जगाने त्याची दखल घ्यायला वेळ लावला. १९७८ साली सुधीर कक्कर यांनी भारतीय बालपणाच्या मनोविश्लेषणावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि आई व मुलगा यांच्यातील दीर्घ जवळिकीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९९५ साली आशिष नंदी यांनी आणि २००१ साली जर्मन अभ्यासक क्रिस्टियान हार्टनाक यांनी गिरींद्रशेखरांवर विस्ताराने लिहिले. हस्तिदंती विष्णू लंडनमध्ये फ्रॉइडच्या अखेरच्या निवासस्थानी झालेल्या संग्रहालयात आहे आणि संस्थेचा पत्ता अजूनही १४, पारसीबागान गल्ली हाच आहे.